आकडा आधी दाखवा, मग जाब विचारा

मुंबई-नाशिक महामार्गावर मानकोली नाका सोडला की दोन्ही अंगांना भिवंडीची गोदामेच गोदामे लागतात. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, वळ, सोनाळे आणि पुढे पडघ्यापर्यंत हाच देखावा. मुंबईच्या दाराशी, तरी मुंबईच्या जकातीबाहेर, ही या जागेची मूळ सोय होती. २०१७ मध्ये जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, तरी भिवंडीचे महत्त्व घटले नाही. राज्याराज्यांत केवळ करापुरती छोटी गोदामे ठेवायची गरज संपली आणि कंपन्यांनी मोठ्या शहरांलगत अवाढव्य गोदामे घेतली. यंत्रमागाच्या गावाला दुसरा धंदा मिळाला. शहापूर, मुरबाड, वाड्याकडची दहावी-बारावी झालेली मुलेमुली आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले तरुण इथे पिकर, पॅकर, लोडर म्हणून कामाला लागले.

या कामात एक गोष्ट खरोखर नवी आहे. हमालाने किती पोती वाहिली ते मुकादम दिवसाच्या शेवटी मोजत असे. पिकरच्या हातातला स्कॅनर त्या-त्या क्षणी मोजतो. कोणत्या रॅकवरून कितव्या सेकंदाला वस्तू उचलली, पुढच्या वस्तूपर्यंत किती वेळ गेला, तासाला किती पीस झाले, सगळे पडद्यावर दिसते. टीम लीडर यादी घेऊन येतो आणि तळाच्या नावांना हटकतो. "सर, रॅकच रिकामी होती," असे सांगितले तर उत्तर येते, "ते मला नको सांगू, सिस्टीमला काय दिसतं ते बघ." चार दिवस त्या तळाशी राहिलेल्या माणसाला घरी जाताना एकच घोर असतो: उद्या गेटवर आपला आयडी चालेल ना? कारण अनेक ठिकाणी काढून टाकल्याचे पत्र मिळत नाही. ठेकेदाराचा माणूस फोनवर "उद्यापासून येऊ नको" म्हणतो, किंवा तेवढेही न म्हणता आयडी बंद होतो.

हा घोर खोटा नाही, हे उघड आहे. पण कामात मागे पडणाऱ्याला काढणे चूक आहे का, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. त्याची दोन सोपी उत्तरे आपल्याकडे तयार असतात. एक म्हणते, जमत नसेल तर सोडा, दारात शंभर जण उभे आहेत. दुसरे म्हणते, टार्गेट हेच शोषण आहे, ते मोडून काढा. दोन्ही उत्तरे देणाऱ्याला गोदाम चालवायचे नसते आणि गोदामात राबायचेही नसते.

आधी मालकाची बाजू नीट ऐकू. गोदामातले काम साखळीचे असते. पिकरने माल उचलला की पॅकर तो बांधतो, सॉर्टिंगवाला पिनकोडप्रमाणे लावतो, लोडर गाडीत चढवतो आणि गाडी ठरल्या वेळी सुटते. एक जण रेंगाळला तर पुढचे तिघे हात बांधून उभे राहतात, आणि माल मागे ठेवून गाडी सुटली तर ती चूक ग्राहकापर्यंत जाते. मागे पडणाऱ्याचे काम अखेर शेजारच्याच्या गळ्यात पडते, आणि तो शेजारीही तेवढ्याच पगारावर असतो. म्हणून कामाचा काही एक वेग मागणे हा मालकाचा हक्क आहे. त्यासाठी त्याला माफी मागायची गरज नाही.

दुसरा मुद्दा कामगारांच्या बाजूने बोलणारे सहसा घेत नाहीत. आकड्याला आडनाव दिसत नाही. आपल्याकडच्या कारखान्यांत आणि बाजारांत कामाची किंमत बराच काळ मुकादमाच्या मर्जीवर ठरली आहे: कोण त्याच्या गावचा, कोण त्याच्या जातीचा, कोण त्याला पैसे देतो. पाड्यावरून आलेल्या एखाद्या मुलीला साहेबाची ओळख नसते, पण तिचे हात चपळ असतील तर पडदा ते दाखवतो, आणि लाडक्या पुतण्याचा आळसही दाखवतो. मोजमाप नको म्हणताना आपण पुन्हा त्या मर्जीच्या राज्यात जायला तयार आहोत का, हे स्वतःला विचारावे लागेल.

तिसरा मुद्दा नोकरी मिळण्याचा. या कामाला पदवी लागत नाही, चिठ्ठी लागत नाही, मुलाखतही नावापुरती असते. माणूस कसा आहे ते थोड्याच दिवसांत कळते, म्हणून मालक कोणालाही घेऊन पाहतो. काढणे फार अवघड केले तर घेणेही अवघड होईल. आधी ओळखीचे आत येतील, मग मशीन. हा इशारा मालक आपल्या सोयीसाठी देतात हे खरे असले, तरी तो पोकळ नाही.

आता दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहू. पहिली अडचण अशी की तासाला किती पीस हा आकडा माणसाचे काम मोजतोच असे नाही. लिपस्टिक आणि मिक्सर दोन्ही एकेक पीस असतात. खालच्या रॅकवरची वस्तू हाताशी येते, वरच्यासाठी शिडी आणावी लागते. ऑर्डरी दाटीने असतील तर एकाच ओळीत दहा पीस मिळतात, विरळ असतील तर एकेका पीसासाठी अख्खे गोदाम पालथे घालावे लागते. सिस्टीममध्ये माल दिसतो पण रॅकवर नसतो, स्कॅनरची बॅटरी उतरते, लिफ्टसाठी थांबावे लागते. नव्या माणसाला गल्ल्या पाठ व्हायलाच काही आठवडे जातात. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी दोनला आणि जानेवारीत सकाळी नऊला एकच वेग कसा राहील? पाळीच्या दिवसांतली बाई, चाळिशी ओलांडलेला लोडर, रात्रपाळीचा सहावा दिवस, यांपैकी काहीच त्या रकान्यात येत नाही. आडनाव न पाहण्याचा आकड्याचा गुण खरा आहे, पण रिकामी रॅकही त्याला दिसत नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. टार्गेट ठरते कसे? काम मोजून, त्यात दम खायला वेळ धरून एक ठरावीक वेग ठरवला तर मेहनतीने तो गाठता येतो. पण रोजच्या यादीतले तळाचे इतके जण धोक्यात, असा हिशेब असेल तर सगळे जण चपळ झाले तरी तळाला कोणीतरी राहणारच. अशा ठिकाणी मागे पडणे हा कोणाचा दोष नसतो, ती यादीचीच रचना असते. त्यातून एक दुष्टचक्रही सुरू होते. दिवाळीच्या सेलमध्ये जीव तोडून गाठलेला वेग पुढे रोजचा होऊन बसतो. आज शेजाऱ्याच्या पुढे जाणारा उद्या स्वतःच्याच आकड्याला घाबरतो.

कामाचा वेग घड्याळावर मोजण्याची ही रीत जुनी आहे. फ्रेडरिक टेलरचे शास्त्रीय व्यवस्थापनावरचे पुस्तक १९११ मध्ये आले. अमेरिकेतल्या बेथलेहेम पोलाद कारखान्यात एक मजूर दिवसाला साडेबारा टन बिडाच्या लगडी वाहत होता, तो साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला, ही त्यातली गाजलेली कथा. ती आज कठोर वाटते, पण तिच्यातले दोन तपशील आजच्या गोदामवाल्यांनी वाचण्यासारखे आहेत. एक, वाढीव वेगासाठी त्या मजुराची रोजची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली होती. दोन, त्या टोळीत एवढे ओझे वाहू शकणारा माणूस आठांत एखादाच होता, अशी कबुली टेलर स्वतः देतो, आणि बाकीच्या बहुतेकांना कंपनीतच दुसरे काम मिळाल्याचे सांगतो. वेग वाढला तर पैसे वाढावेत आणि न जमणाऱ्याला दुसरे काम मिळावे, हे टेलरसारख्या कडक माणसालाही सांगावेसे वाटले होते. आजच्या टार्गेटमागे बऱ्याच ठिकाणी यांतले काहीच नसते. ते गाठल्याचे बक्षीस म्हणजे उद्याही कामावर येण्याची परवानगी.

परदेशातली तीन उदाहरणे या वादाला उपयोगी पडतात, आणि तिन्हींत दोन्ही बाजू दिसतात. अमेरिकेत बाल्टिमोर इथल्या अमेझॉनच्या एका गोदामातून ऑगस्ट २०१७ ते सप्टेंबर २०१८ या काळात कमी वेगामुळे सुमारे ३०० जणांना काढल्याचे कंपनीच्या वकिलाच्या पत्रातून २०१९ मध्ये बाहेर आले. सिस्टीम कामाचा वेग पाहून समज देण्याची आणि काढण्याची कागदपत्रे आपोआप तयार करत होती, हा त्यातला सर्वांत बोलका भाग. सुपरवायझर ही प्रक्रिया थांबवू शकतो आणि मागे पडणाऱ्याला आधी शिकवले जाते, असे कंपनीचे म्हणणे होते. म्हणजे काढण्याआधी एका माणसाने विचार केला पाहिजे, हे कंपनीलाही मान्य आहे. मग त्या माणसाकडे विचार करायला वेळ आणि अधिकार खरोखर असतो का, एवढाच वाद उरतो.

फ्रान्समध्ये खासगी माहितीच्या रक्षणासाठी असलेल्या सरकारी आयोगाने २०२४ च्या सुरुवातीला त्याच कंपनीच्या तिथल्या शाखेवर मोठा दंड जाहीर केला. कारण वाचण्यासारखे आहे. स्कॅनर दहा मिनिटे थांबला तर नोंद होई, एक ते दहा मिनिटांच्या खोळंब्याचीही नोंद होई, आणि आधीच्या वस्तूनंतर सव्वा सेकंदाच्या आत पुढची स्कॅन केली तरी चूक म्हणून नोंद होई. थांबलात तर मागे, घाई केलीत तर निष्काळजी. मोजणे बेकायदा आहे असे त्या आयोगाने म्हटले नाही. गोदाम चालवायला लागणारी माहिती घ्या, पण माणसाला प्रत्येक क्षणाचा खुलासा द्यावा लागेल इतकी बारीक पाळत नको, असा त्याचा सूर होता.

कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२२ पासून वेगळी वाट धरली. तिथल्या कायद्याने टार्गेटवर बंदी घातली नाही. टार्गेट लेखी द्या, न सांगितलेल्या टार्गेटवरून कोणाला शिक्षा करू नका, जेवण, विश्रांती आणि स्वच्छतागृह यांच्या आड येणारे टार्गेट चालणार नाही, आणि कामगाराने मागितली तर गेल्या ९० दिवसांतल्या त्याच्या वेगाची नोंद त्याला द्या, एवढेच सांगितले. २०२४ मध्ये दोन गोदामांत लेखी माहिती दिली नाही म्हणून अमेझॉनवर सुमारे ५९ लाख डॉलरचा दंड लागला. आमच्याकडे ठरावीक टार्गेटच नाही, सहकाऱ्यांच्या तुलनेत काम पाहिले जाते, असा कंपनीचा बचाव होता, आणि तिने दंडाविरुद्ध दाद मागितली. तुलनेच्या यादीत तळाशी कोणीतरी राहणारच, हा वर सांगितलेला पेच तिथे असा थेट सरकारी कारवाईत आला.

आपल्याकडचे उदाहरण हरियाणातल्या मानेसरचे. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथल्या अमेझॉनच्या गोदामात सहा गाड्या रिकाम्या होईपर्यंत पाणी प्यायला किंवा स्वच्छतागृहात जाणार नाही, अशी शपथ कामगारांना घ्यायला लावल्याची बातमी आली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने आपणहून दखल घेऊन केंद्रीय कामगार मंत्रालयाला नोटीस पाठवली. कंपनीने तो एका प्रसंगापुरता दुर्दैवी प्रकार असल्याचे म्हटले. तसे मानले तरी एक गोष्ट उरते. ती शपथ कोणा दुष्ट माणसाच्या डोक्यातून आली असेलच असे नाही. वरून आकडा आला, खालच्या सुपरवायझरलाही त्याच आकड्यावर जोखले जाणार होते, आणि त्याच्या हातात माणसांना दरडावण्याखेरीज दुसरे साधन नव्हते. भीती वरून खाली झिरपते, आणि यादी घेऊन येणाऱ्या टीम लीडरलाही त्याच्या वरच्या यादीची धास्ती असते.

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १९२८ मध्ये मुंबईचा गिरणी संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. त्यामागच्या कारणांत एक हे होते की विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत आणि कातणाऱ्याने साच्याच्या एका बाजूऐवजी दोन बाजू पाहाव्यात, असा मालकांचा आग्रह होता. मालक म्हणत, जपानी मालापुढे टिकायचे तर दुसरा उपाय नाही. कामगार म्हणत, एकाने तीन माग चालवले तर उरलेल्याने जायचे कुठे? पुढे चौकशीसाठी नेमलेल्या फॉसेट समितीपुढे वेतनाचे दर, मालकांची नियमावली आणि हा वाढीव कामाचा प्रश्न एकत्र मांडला गेला. या समितीने सगळ्यांचे समाधान केले नाही. पण वेग किती असावा हे मालकाने एकट्याने ठरवायची गोष्ट नाही, त्यावर पुरावा मांडता येतो आणि उलटतपासणी होऊ शकते, हे त्या काळी मान्य झाले होते. जवळजवळ शंभर वर्षांनी भिवंडीच्या पिकरला त्याचे टार्गेट कोणत्या हिशेबाने ठरले हे विचारायलाही जागा नाही.

दुसरा वारसा माथाडींचा. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. मंडळाकडे नोंदलेला कामगार टोळीने काम करतो आणि मजुरी मंडळामार्फत मिळते. टोळी एकत्र काम करते आणि एकत्र कमावते, त्यामुळे पाठ दुखणारा जुना गडी आज कमी उचलेल, हे टोळीतल्या टोळीतच समजून घेतले जाते. ओझे कोणी किती घ्यायचे याचा निवाडा सोबत राबणाऱ्यांकडे असतो, ही त्यातली शहाणी गोष्ट. पण दुसरी बाजूही लिहायला हवी. माथाडीच्या नावावर, एक पोतेही न उचलता, गोदाममालकांकडून आणि कारखान्यांकडून पैसे उकळणाऱ्या टोळ्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षे आहेत, आणि त्यावर विधिमंडळात कायदा दुरुस्तीचे वादही झाले आहेत. मालक वर्गाला कामगार संरक्षण म्हटले की खंडणी आठवते, याची काही जबाबदारी संरक्षणाच्या नावाने दुकान मांडणाऱ्यांवरही आहे. शिवाय माथाडी व्यवस्था ओझे उचलण्यासाठी घडली. स्कॅनर घेऊन दिवसभर चालणाऱ्या पिकरला ती जशीच्या तशी लागू पडत नाही.

मग कायदा काय म्हणतो? जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षभराची, म्हणजे २४० दिवसांची, सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करताना महिनाभराची नोटीस आणि सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार देणे बंधनकारक होते. शिक्षा म्हणून काढायचे तर चौकशी हवी. आपल्या राज्याच्या १९७१ च्या कायद्याने घाईघाईने, किंवा किरकोळ चुकीसाठी आधीची सेवा न पाहता, जबर शिक्षा म्हणून काढणे ही अनुचित प्रथा ठरवली. कागदावर हे भक्कम आहे. पण २४० दिवस भरायच्या आत 'ब्रेक' देण्याची चाल प्रत्येक औद्योगिक पट्ट्याला ठाऊक आहे. ठेकेदाराकडच्या माणसाने दाद मागितली तर आधी तू कोणाचा कामगार हे सिद्ध कर, असा प्रश्न येतो. सिप्ला कंपनीच्या २००१ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ च्या कायद्याखाली दाद मागण्याची वाट अरुंद केली. कंपनी म्हणते, तो आमचा नाही. ठेकेदार म्हणतो, कंपनीने आयडी बंद केला, मी काय करू?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यांत कामगाराच्या उपयोगाचे काही नक्की आहे. प्रत्येकाला नियुक्तिपत्र मिळाले पाहिजे. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी आहे. कपात झालेल्याला नवे कौशल्य शिकण्यासाठी मालकाने पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम निधीत भरायची आहे. मात्र ठेका कामगारांचे नियम पन्नास माणसांपासून लागू होतात, लेखी सेवानियमांची सक्ती ३०० कामगारांपासून आहे, आणि मुदत संपली म्हणून करार न वाढवणे ही कपात धरली जात नाही. तीन महिन्यांच्या कराराच्या शेवटी "या वेळी तुझे नाव नाही" एवढे सांगितले की मागे पडल्याचा उल्लेखही करावा लागत नाही. मोजमाप सेकंदाचे, आणि काढण्याचे कारण मात्र कोरे.

सगळे तोलून पाहिले तर मालकाच्या दोन गोष्टी मान्य कराव्या लागतात: वेगाची अपेक्षा ठेवता येते, आणि पुरेशी संधी देऊनही जो ती पुरी करत नाही त्याला त्या कामावर ठेवायची सक्ती नको. पण मोजायचा अधिकार घेतला की तो आकडा उघड करण्याची आणि त्यावर उत्तर ऐकून घेण्याची जबाबदारी अंगावर येते. ज्याच्याकडे कामगाराच्या प्रत्येक सेकंदाची नोंद आहे, त्याला काढण्याचे कारण एका ओळीत लिहून देणे अवघड असू नये.

यातून चार मागण्या निघतात. टार्गेट विभागाप्रमाणे लेखी आणि कामगाराला कळेल अशा भाषेत असावे. म्हणजे मिक्सर आणि लिपस्टिक एका मापाने मोजले जाणार नाहीत. रिकामी रॅक, बंद स्कॅनर, पाणी, स्वच्छतागृह हा वेळ हिशेबातून वगळावा. एका दिवसाच्या यादीवर नव्हे, काही आठवड्यांच्या सरासरीवर पाहावे, आणि नव्या माणसाला शिकण्याचा काळ वेगळा द्यावा. आणि आयडी बंद होण्याआधी एका जबाबदार माणसाने समोर बसवून त्याचे म्हणणे ऐकावे, कारण लेखी द्यावे, जमत असेल तर पॅकिंग किंवा आलेला माल नोंदवून घेण्यासारखे दुसरे काम देऊन पाहावे. ठेकेदार कोणीही असो, या चौथ्या गोष्टीची जबाबदारी ज्याचा स्कॅनर त्याची.

यावरचे आक्षेप खरे आहेत. लेखी टार्गेट म्हणजे लोक तेवढेच करतील, पुढे जाणार नाहीत, असे व्यवस्थापक म्हणतील. म्हणोत; पुढे जायला हवे असेल तर टेलरची जुनी वाट आहे, जास्त कामाला जास्त पैसे. दुसरा आक्षेप जड आहे. मोठ्या, नाव असलेल्या गोदामांवर नियम लादले की काम नियम न पाळणाऱ्या छोट्या, बेनामी गाळ्यांत सरकेल. भिवंडीत ही भीती कल्पनेतली नाही. म्हणून या मागण्यांत इन्स्पेक्टर वाढवण्यापेक्षा कागद वाढवण्यावर भर आहे. लेखी टार्गेट आणि लेखी कारण हातात असले तर कामगाराला स्वतःलाच दाद मागता येते, आणि प्रामाणिक मालकाचा खर्चही फारसा वाढत नाही. तिसरा आक्षेप असा की हे सगळे नुसते कागदी सोपस्कार होतील, सुनावणीत टीम लीडर मान डोलावेल आणि आयडी तरीही बंद होईल. हे घडेल, काही ठिकाणी नक्कीच. पण खोटे कारण लिहावे लागले तर ते खोटे ठरवता येते. कारणच नसेल तर कामगार न्यायालयात दाखवणार काय?

आज ज्याला हा घोर लागला आहे त्याला कायदा बदलेपर्यंत थांबता येणार नाही. त्याला कोणी भाबडा सल्ला देऊ नये, तरी थोडे सांगता येते. रोजची शिफ्ट, विभाग, किती पीस आणि कशामुळे खोळंबा झाला, हे वहीत किंवा मोबाइलवर दोन ओळींत लिहून ठेवावे. रिकाम्या रॅकची तक्रार तोंडी न करता ग्रुपवर मेसेज टाकावा, म्हणजे वेळ आणि तारीख उमटते. वेळ चालण्यात जातो, शोधण्यात जातो की थांबण्यात, हे चपळ सहकाऱ्याबरोबर दोन तास राहून पाहावे. अनेकांचा वेग हातांत नव्हे, गल्ल्या पाठ होण्यात अडलेला असतो. नियुक्तिपत्र, पगाराची पावती, पीएफचा यूएएन, ईएसआयसीचा क्रमांक आणि आयकार्डचा फोटो घरी ठेवावा. "येऊ नको" म्हटले तर वाद न घालता, कारण लिहून द्या असा मेसेज करावा, आणि ठरावीक दिवसांत उत्तर आले नाही तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार द्यावी. आणि टार्गेटसाठी पाणी तोडू नये, दोघांचे ओझे एकट्याने उचलू नये. दुखावलेल्या पाठीची भरपाई कोणत्याही महिन्याच्या इन्सेन्टिव्हने होत नाही.

जो खरोखरच या कामासाठी बनलेला नाही, त्याला हे सारे करूनही जावे लागेल. त्यात अन्याय नाही. पण जाताना आपण का गेलो हे त्याला कळले पाहिजे, त्याचे म्हणणे कोणीतरी ऐकलेले असले पाहिजे, आणि पुढच्या गोदामाच्या गेटवर दाखवायला त्याच्या हातात एक कागद असला पाहिजे. एवढे देणाऱ्या मालकाने टार्गेटचा जाब खुशाल विचारावा. जो एवढेही देत नाही त्याला कामगाराकडे सेकंदाचा हिशेब मागण्याचा नैतिक अधिकार नाही, आणि हळूहळू का होईना, त्याचा कायदेशीर अधिकारही काढून घेतला पाहिजे.